शिष्यपरीक्षा : वैद्यविद्येच्या प्रवेशप्रश्नांची परंपरा

(१)

वैद्यविद्या शिकूं इच्छिणाऱ्यास समोर बसवून चार प्रश्न विचारावेत व मग त्याचा स्वीकार करावा, कीं केवळ लेखी परीक्षेच्या गुणांवर त्याची निवड करावी, हा वाद आजकालचा आहे असा पुष्कळांचा समज दिसतो. इ. स. २०१६ पासून आपल्या देशांत वैद्यकाच्या पदवीप्रवेशासाठीं ‘नीट’ ही एकच लेखी परीक्षा लागू झाली, व इ. स. २०२० पासून एम्स आणि जिपमर या संस्थाही तिच्या कक्षेंत आल्या. यामुळें प्रवेशापूर्वींची मुलाखत बहुतेक ठिकाणीं राहिली नाहीं. पुण्याचें सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय हें त्यास ठळक अपवाद. तेथें नीटच्या गुणांवरून बोलावणें येतें, परंतु निवडीपूर्वीं उमेदवारास समक्ष प्रश्नोत्तरांस उभें राहावें लागतें. परदेशच्या अनेक विद्यापीठांतही ही चाल आहे.

आम्ही राहतों तें राळेगांव हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. इ. स. १९०५ पूर्वीं हा जिल्हा वणी जिल्हा या नांवानें ओळखला जात असे. कापूस पिकविणाऱ्या घरांतील मुलें-मुली येथून वैद्यकाकडे वळूं लागलीं आहेत, आणि त्यांपैकीं एखाद्यास मुलाखतीचें बोलावणें आलें म्हणजे तो आम्हां जुन्या मास्तरांकडे येऊन विचारतो कीं, ‘गुरुजी, तेथें काय विचारतात, आणि उत्तर काय द्यावें?’ या प्रश्नाचें उत्तर बाजारांतील मार्गदर्शिकांत मिळतें तेवढेंच आहे काय, हें पाहण्यासाठीं आम्हीं संहिताग्रंथ पुन्हां उघडले. त्यांत जें आढळलें तें, आणि पुढील काळांतील दोनतीन प्रसंग, येथें क्रमानें मांडतों. वाचकांपैकीं बहुतेक पोथ्यांचे जाणकार असल्यामुळें मूळ वचनें उतरून न देतां त्यांतील अर्थच घेतला आहे.

(२)

या विषयाचें मुख्य स्थळ चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठवा अध्याय, ज्यास रोगभिषग्जितीय म्हणतात, हें होय. चरकसंहितेचा जो भाग दृढबलानें पूर्ण केला, त्यांत चिकित्सास्थानांतील सतरा अध्याय व कल्प आणि सिद्धि हीं दोन स्थानें येतात. विमानस्थान त्यांत येत नाहीं. तेव्हां प्रस्तुत अध्याय दृढबलाच्या पूर्वींचा आहे, हें लक्षांत ठेवावें. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं चक्रपाणिदत्ताच्या टीकेसह शोधून निर्णयसागरांत इ. स. १९४१ सालीं छापविलेली प्रत आम्हीं समोर ठेवली आहे.

या अध्यायाचा प्रारंभच आजच्या वाचकास चकित करणारा आहे. आपण अपेक्षा करतों कीं, गुरूनें शिष्याची परीक्षा कशी घ्यावी येथून विषय सुरू होईल. परंतु चरक आरंभ करतो तो शिष्यापासून. ज्या बुद्धिमान् पुरुषास वैद्य व्हावयाचें आहे, त्यानें आधीं आपण अंगावर घेत असलेल्या कार्याचा भार किती हें तोलावें, त्याचें फळ काय व त्या फळाच्या मागून काय येतें हें पाहावें, देश आणि काल ध्यानांत घ्यावे. आणि मग शास्त्राची परीक्षा करावी. कारण वैद्यांचीं नाना शास्त्रें लोकांत प्रचलित आहेत, त्यांतील कोणतें शिकावें हें शिकणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें. शास्त्र निवडल्यावर आचार्याची परीक्षा. त्याचें अध्ययन निर्मळ आहे काय, त्यानें प्रत्यक्ष कर्म पाहिलें आहे काय, हात वळलेला आहे काय, उपकरणें जवळ आहेत काय, रोग्याची प्रकृति ओळखतो काय. आणि त्यापुढें असूया नाहीं, कोप नाहीं, कष्ट सोसण्याची तयारी आहे, शिष्यावर माया आहे, व जें स्वतःस कळलें तें दुसऱ्यास कळविण्याचें सामर्थ्य आहे, हें सर्व शिष्यानें पाहावयाचें. एवढें झाल्यावर आचार्यानें शिष्याची परीक्षा करावी असा क्रम आहे.

शिष्याच्या लक्षणांची जी यादी चरक देतो, तिचे तीन वर्ग पाडतां येतात. पहिला देहाचा : डोळे, तोंड व नासावंश सरळ असावे; जीभ पातळ व स्वच्छ, दांत-ओठ अविकृत; बोलणें नाकांतून नसावें; इंद्रियें शाबूत असावीं. दुसरा बुद्धीचा : मेधा, तर्क, स्मृति, अर्थाच्या तत्त्वाकडे ओढ. तिसरा स्वभावाचा, आणि हा सर्वांत मोठा : शांत, धीर धरणारा, अहंकार नसलेला, न रागावणारा, व्यसन नसलेला, लोभ व आळस नसलेला, आणि शेवटीं सर्व भूतांचें हित इच्छिणारा. वैद्यकाच्या कुळांत जन्मलेला असावा, किंवा तसें नसल्यास त्या विद्येची वृत्ति असलेला असावा, असा विकल्प यांत आहे. हा विकल्प लहान दिसला तरी महत्त्वाचा आहे. कुळाबाहेरच्या मुलासाठीं दार किंचित् उघडें ठेवण्याचें काम तो करतो.

परंतु तें दार किती उघडें होतें, हेंही तितक्याच स्पष्टपणें लिहिलें पाहिजे. सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायांत चरक आयुर्वेदाचें अध्ययन ब्राह्मण, क्षत्रिय व वैश्य यांनीं करावें असें सांगतो. सुश्रुत सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत, ज्यास शिष्योपनयनीय म्हणतात, याच तिघांच्या उपनयनाची व्यवस्था लावतो. मात्र कुळ व गुण यांनीं संपन्न असलेल्या शूद्रासही मंत्र वगळून व उपनयनावांचून शिकवावें असें कित्येकांचें मत आहे, अशी नोंद करतो. सुश्रुतानें तें आपलें मत म्हणून मांडलेलें नाहीं, पण नोंदविण्यास विसरलाही नाहीं. स्त्रियांचा तर या यादींत उल्लेखच नाहीं. जुन्या ग्रंथांचा गौरव करतांना ही मर्यादा झांकून ठेवणें इतिहासलेखकास शोभत नाहीं.

(३)

सुश्रुताची लक्षणयादी चरकाहून आटोपशीर आहे. तींत वय, शील, शौर्य, शौच, विनय, बल, मेधा, धृति, स्मृति इत्यादि येतात, आणि क्लेश सहन करण्याची शक्ति हिचा स्वतंत्र उल्लेख येतो. यांतील शौर्य हा शब्द विचार करण्याजोगा आहे. शस्त्रक्रिया शिकविणाऱ्या संप्रदायानें शिष्यांत तें मागावें हें सहज आहे. दोन संप्रदायांतील भेद किरकोळ गोष्टींतही दिसतो. चरकाचा शिष्य श्मश्रु राखतो, सुश्रुताचा शिष्य नखें व केस कापून काषाय वस्त्र नेसतो.

परीक्षेनंतर अग्नीच्या साक्षीनें जो उपदेश होतो, तो दोन्ही ग्रंथांत आहे. चरकाच्या उपदेशांत शिष्यानें सत्य बोलावें, मांस खाऊं नये, मत्सर धरूं नये, शस्त्र बाळगूं नये. गुरूची आज्ञा पाळावी, परंतु राजद्रोहाची, प्राणघाताची वा मोठ्या अधर्माची आज्ञा असेल तर पाळूं नये. रोग्याच्या आरोग्यासाठीं रात्रंदिवस झटावें; आपल्या उपजीविकेसाठींही त्याचा द्रोह करूं नये. रोग्याच्या घरीं ओळखीच्या माणसाबरोबर व अनुमति घेऊन जावें, आणि घरांतील गोष्ट बाहेर बोलूं नये. ज्ञान असलें तरी स्वतःच्या ज्ञानाची फुशारकी मारूं नये. यांबरोबरच राजाचा रोष झालेल्यांवर औषधोपचार करूं नये, पति वा पालक जवळ नसलेल्या स्त्रीवर करूं नये, असेही नियम त्याच उपदेशांत आहेत, व ते आजच्या वैद्यकनीतीशीं जुळणारे नाहींत.

सुश्रुताच्या ठिकाणीं मात्र एक वाक्य असें आहे कीं तें वाचून आम्ही प्रत्येक वेळीं थांबतों. शिष्यास सर्व नियम सांगून झाल्यावर गुरु स्वतःस बांधून घेतो : तूं नीट वागत असतांना मीं तुझ्याशीं अन्यथा वर्तन केलें, तर पाप मला लागो व माझी विद्या निष्फळ होवो. आजच्या कोणत्या निवडमंडळानें उमेदवारासमोर असें वचन दिलें आहे? परीक्षा दोन्ही बाजूंची, आणि शपथही दोन्ही बाजूंची, हें या प्राचीन पद्धतीचें मर्म होय.

इ. स. २०२२ सालीं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें नव्या विद्यार्थ्यांस ‘महर्षि चरक शपथ’ देण्याची शिफारस केली, तेव्हां देशांत बरीच चर्चा झाली. त्या वादांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. परंतु एवढें नोंदवावेंसें वाटतें कीं, मूळ अध्यायांत शपथ ही शेवटची पायरी आहे. तिच्या आधींच्या तीन परीक्षा, म्हणजे शास्त्राची, आचार्याची व शिष्याची, सोडून शपथ तेवढी उचलली, तर कळस घेऊन देऊळ सोडल्यासारखें होतें.

(४)

आतां मुलाखतीच्या तयारीचा जो प्रत्यक्ष प्रश्न, त्याचें उत्तरही याच अध्यायांत पुढें येतें. एका विद्येच्या जाणकारांनीं एकमेकांशीं बोलावें कसें, याचें विवेचन चरक तद्विद्यसंभाषा या नांवाखालीं करतो. ती दोन प्रकारची : संधायसंभाषा म्हणजे स्नेहानें केलेली, व विगृह्यसंभाषा म्हणजे झुंजीची. पहिलींत निःशंकपणें विचारावें, विचारलें असतां निःशंकपणें सांगावें, हरण्याची भीति बाळगूं नये, जिंकल्याचा आनंद मिरवूं नये, अज्ञानानें एकाच बाजूचा हट्ट धरूं नये, आणि जें आपणांस ठाऊक नाहीं त्याचें वर्णन करूं नये.

दुसरींत उतरण्यापूर्वीं आपले व समोरच्याचे गुणदोष तोलून पाहावेत, सभा जाणत्यांची आहे कीं अजाणांची, स्नेहाची आहे कीं उदासीन कीं प्रतिकूल, हें पाहावें, असें तो सांगतो. बोलणाऱ्याचे गुण कोणते? श्रुत, विज्ञान, धारणा, ऐन वेळीं सुचणें, आणि वचनशक्ति. दोष कोणते? रागीटपणा, अकौशल्य, भित्रेपणा, लक्षांत न राहणें, आणि अवधान नसणें. यानंतर वादाच्या चव्वेचाळीस संज्ञांची व्याख्या येते. मुलाखतीस जाणाऱ्या मुलास द्यावयाचा सल्ला याहून नेमका आम्हांस तरी सांगतां येणार नाहीं. पांच दोषांपैकीं चार हे स्वभावाचे व मनाच्या स्थैर्याचे आहेत, विद्येचे नाहींत, हें विशेष.

पाठ केलेल्या उत्तरांविषयीं सुश्रुताचें मत कठोर आहे. अर्थ न समजतां ग्रंथ घोकणारास तो चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाची उपमा देतो. त्यास ओझें कळतें, चंदन कळत नाहीं. आणि केवळ ऐकून भागत नाहीं म्हणून योग्यासूत्रीय अध्यायांत तो भोपळा, कलिंगड, काकडी इत्यादि फळांवर छेदनाचा सराव करावयास लावतो. बौद्धांच्या महावग्गांत जीवकाची जी प्रसिद्ध कथा आहे, कीं तक्षशिलेभोंवतीं योजनभर फिरून औषधी नसलेली वनस्पति शोधून आण, ती सात वर्षांच्या अध्ययनानंतरची, म्हणजे निर्गमनाची परीक्षा होय. प्रवेशाच्या परीक्षेशीं तिची गल्लत करूं नये.

(५)

इंग्रजी अमलांत हें दार दुसऱ्या ठिकाणीं अडूं लागलें. इ. स. १८२६ सालीं मुंबईस एतद्देशीयांसाठीं जी वैद्यकशाळा निघाली, ती डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालीं देशभाषांतून शिकवीत असे; इ. स. १८३२ सालीं ती बंद झाली. इ. स. १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज डॉ. चार्ल्स मोरहेड यांच्या हाताखालीं सुरू झालें तें इंग्रजींतून. जात व कुळ यांऐवजीं आतां भाषा ही पहिली कसोटी ठरली. कुळाच्या अटीपेक्षां ही अट न्याय्य होती, कारण भाषा शिकतां येते. पण ती शिकण्याची सोय कोणास होती हा प्रश्न उरतोच, आणि तो राळेगांवच्या मुलास आजही पडतो.

त्या महाविद्यालयांतून इ. स. १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत भाऊ दाजी लाड हे होते. प्रवेशापूर्वीं ते एल्फिन्स्टन विद्यालयांत शिक्षक होते. पुढें त्यांनीं हस्तलिखितें जमविलीं, शिलालेख वाचले, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या पत्रिकेंत निबंध लिहिले, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. रोग्याची नाडी व झिजलेलें अक्षर या दोहोंस एकच अवधान लागतें. चरकानें अनवधान हा दोष कां गणला, याचें उत्तर भाऊ दाजींच्या चरित्रांत सांपडतें.

(६)

आतां आम्हांस या विषयांतील सर्वांत मोलाचें वाटणारें प्रकरण. इ. स. १८८३ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस बंगाल्यांतील श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहांत आनंदीबाई जोशी यांनीं इंग्रजींत एक भाषण केलें. त्या वेळीं त्या अठरा वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. त्यांचे पति गोपाळराव टपालखात्यांत होते. आपण अमेरिकेस वैद्यक शिकावयास कां जातों, हें सांगण्यासाठीं तें भाषण होतें, आणि त्याची रचना सहा प्रश्नांची होती. आपण अमेरिकेस कां जातें? हिंदुस्थानांत शिकण्याची सोय नाहीं काय? एकटीच कां जातें? परत आल्यावर जातिबहिष्कृत होणार नाहीं काय? कांहीं संकट ओढवल्यास काय करणार? आणि कोणत्याही स्त्रीनें जें केलें नाहीं तें आपणच कां करावें?

हे सहा प्रश्न कोणा निवडमंडळानें विचारले नव्हते. लोक जें कुजबुजत होते, त्याचेंच त्यांनीं प्रश्नांत रूपांतर केलें व एकेकाचें उत्तर दिलें. मद्रासेस वैद्यकशाळा होती, इतरत्र सुइणींचे वर्ग होते, ही वस्तुस्थिति त्यांनीं मान्य केली व तेथील शिक्षण कां पुरें पडत नाहीं तें सांगितलें. पतीबरोबर कां जात नाहीं, याचें उत्तर घरच्या जबाबदारींत होतें : सासू-सासरे व लहान दीर यांचा निर्वाह त्यांच्यावर होता. बहिष्काराच्या प्रश्नास त्यांचें उत्तर असें कीं, आपण येथें जशा राहतों तशाच तेथेंही राहूं. अन्न, वस्त्र, चालीरीति बदलणार नाहीं. एकाही प्रश्नाकडे त्यांनीं पाठ फिरविली नाहीं.

त्या वर्षीं एप्रिलांत त्या कलकत्त्याहून निघाल्या व जूनच्या आरंभीं न्यूयॉर्कला उतरल्या. जूनच्या २८ तारखेस फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनीं जें प्रवेशपत्र लिहिलें, त्यांत आपल्या विद्येची जाहिरात नाहीं. आप्त व जात यांचा विरोध पत्करून येथवर आणणारा जो निश्चय, तोच आपली योग्यता म्हणून त्यांनीं पुढें केला. पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठीं ही विद्या हवी आहे, स्वतःसाठीं कांहीं नको, असा त्याचा आशय आहे. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांच्या कारकीर्दींत त्यांचा स्वीकार झाला, आणि इ. स. १८८६ च्या मार्चमध्यें त्यांस पदवी मिळाली. पुढील वर्षींच, फेब्रुवारीच्या २६ तारखेस, पुण्यास त्यांचें निधन झालें. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील नेमणूक तशीच राहिली.

चरकानें शिष्यास सांगितलेलें कार्याचें गुरुलाघव, फळ, त्याचा अनुबंध, देश आणि काल, या पांच गोष्टी या सहा प्रश्नांशेजारीं ठेवून पाहाव्या. आनंदीबाईंनीं विमानस्थान वाचलें होतें असें आमचें म्हणणें नाहीं. तसा पुरावा आमच्यापाशीं नाहीं, व साम्यावरून उगम सिद्ध करणें हा संशोधनाचा मार्ग नव्हे. परंतु जो मनुष्य हें काम खरोखर अंगावर घेतो, त्यास हेच प्रश्न पडतात, एवढें तरी सिद्ध होतें. आणि ज्या यादींत स्त्रीचा उल्लेखही नव्हता, तिच्यांतील सर्व लक्षणें एका अठरा वर्षांच्या मुलीनें पुरीं केलीं, हेंही.

(७)

राळेगांव तालुक्याच्या सीमेवर वर्धा नदी आहे. ती ओलांडली म्हणजे वर्धा जिल्हा लागतो, आणि त्यांत सेवाग्राम. इ. स. १९६९ सालीं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, डॉ. सुशीला नायर यांनीं तेथें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापिली. खेड्यांत काम करण्यास तयार असा डॉक्टर घडवावयाचा हा तिचा हेतु. सुरुवातीच्या काळांत उमेदवारांस समक्ष बोलावून प्रश्न विचारीत. पुढें भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांबरोबर गांधीविचारावरची स्वतंत्र प्रश्नपत्रिका अनेक वर्षें होती. प्रवेश मिळाल्यावर आश्रमांत निवासी शिबिर, खादी, निर्व्यसनीपणा, आणि दत्तक खेड्यांत राहून घरोघर आरोग्याची पाहणी. नीट आल्यावर संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा गेली, आणि तिच्याबरोबर ती प्रश्नपत्रिकाही. आमच्या भागांतील विद्यार्थी त्या पेपरासाठीं गांधीजींचें आत्मचरित्र वाचीत. कित्येकांनीं तें गुणांपुरतें वाचलें असेल, तथापि वाचलें.

याचा अर्थ मुलाखत ही सर्वथा निर्दोष होती असा नव्हे. दुसरी बाजू न सांगितल्यास आमचा लेख एकांगी होईल. इ. स. १९८० च्या नोव्हेंबरांत अजय हसिया खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाचा विचार केला. तेथें लेखी परीक्षेस १०० व मुलाखतीस ५० गुण होते, म्हणजे एकूण गुणांचा तिसरा हिस्सा. आणि मुलाखत दोनतीन मिनिटांत उरकून, वडील कोण, राहतां कोठें, असे प्रश्न विचारल्याची तक्रार होती. न्यायालयानें इतके गुण मुलाखतीस ठेवणें मनमानीचें ठरविलें व सामान्यतः शेंकडा १५ हून अधिक असूं नयेत असें सुचविलें. ज्या मुलाच्या बापास कोणी ओळखत नाहीं, त्याच्या दृष्टीनें लेखी परीक्षा हें मोठें संरक्षण आहे. राळेगांवचा मुलगा आज गुणांच्या बळावर मुंबईच्या मुलाशेजारीं बसतो, तें त्याच संरक्षणामुळें.

या दोषावर परदेशांत एक उपाय निघाला. कॅनडांतील मॅक्मास्टर विद्यापीठांत एकाच मोठ्या मुलाखतीऐवजीं अनेक लहान मुलाखती घेण्याची रीत बसविली, व तिचा वृत्तांत इ. स. २००४ सालीं प्रसिद्ध झाला. उमेदवार एका दालनांतून दुसऱ्यांत जातो, प्रत्येक ठिकाणीं निराळा परीक्षक व निराळा प्रसंग असतो. त्यामुळें एका परीक्षकाच्या आवडीनिवडीनें निकाल ठरत नाहीं. चरकानें सभेचे जे प्रकार सांगितले, त्या सर्वांस एकाच दिवशीं सामोरें जाण्यासारखें हें आहे.

(८)

आतां निष्कर्ष. पहिला : प्रवेशापूर्वीं तोंडी परीक्षा घेण्याची पद्धति आपल्याकडे परकी नाहीं; परंतु आपल्या जुन्या पद्धतींत ती उभयपक्षीं होती, आणि तिचा आरंभ शिष्याच्या आत्मपरीक्षणापासून होता. दुसरा : त्या पद्धतीनें ज्यांस दाराशींच अडविलें, त्यांचा न्याय पुढें लेखी परीक्षेनें व कायद्यानें केला; तो उलटवून जुनी व्यवस्था आणावी असें कोणी सुज्ञ म्हणणार नाहीं. तिसरा : परीक्षक असो वा नसो, चरकाचा पहिला प्रश्न रद्द होत नाहीं. जो विचारावयास मंडळ बसत नाहीं, तो उमेदवारानें स्वतःस विचारावयाचा असतो. म्हणून विचारणाऱ्या मुलांस आम्ही आतां तयार उत्तरें देत नाहीं. आनंदीबाईंचे सहा प्रश्न देतों, आणि आपल्या गांवाच्या, घराच्या व काळाच्या अनुरोधानें त्यांचीं उत्तरें लिहून आणावयास सांगतों. ज्यास लिहितां आलीं, त्यास समोर कोण बसलें आहे याची फारशी भीति उरत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. वैद्यकाच्या पोथ्या जमवितांना आपण मूळ ग्रंथ, टीका व काल यांकडे पाहतों. पुष्पिकेंत लेखकानें ती कोणासाठीं लिहिली, स्वतःच्या अध्ययनासाठीं कीं दुसऱ्याच्या, गुरूचें नांव दिलें आहे कीं नाहीं, जात वा कुळ नोंदलें आहे काय, हेंही टिपून ठेवावें. शिष्यानें स्वहस्तें उतरलेली प्रत हा त्याच्या प्रवेशाचाच दाखला असतो, आणि सुश्रुतानें नोंदविलेल्या त्या ‘कित्येकांच्या मता’चा व्यवहारांत उपयोग झाला कीं नाहीं, हें कळलें तर अशाच नोंदींवरून कळेल. त्याचप्रमाणें सेवाग्रामसारख्या संस्थांचीं मुलाखतीचीं बोलावणीं, जुन्या प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांनीं घरीं लिहिलेलीं पत्रें हीं आज रद्दींत जात आहेत. वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर अशा कागदांचीं घरें पुष्कळ आहेत. शंभर वर्षांनीं या विषयावर कोणी लिहावयास बसेल, तेव्हां संहितेची छापील प्रत त्यास कोठेंही मिळेल. हे कागद मात्र आज राखले तरच मिळतील.